तारेसारखा साफ आवाज

आमच्या घरात देव्हारा नव्हता, ‘साफ’ हा शब्द होता. अक्षर साफ पाहिजे, वहीचे कोपरे साफ पाहिजेत, चारचौघांत बोलणं साफ पाहिजे. बाबा तेव्हाच्या आंध्रातल्या, आताच्या तेलंगणातल्या भैंशाच्या मराठी शाळेत विज्ञान शिकवायचे. त्यांचे वडील दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचायचे, आणि बाबा त्याच कापसाच्या मुलखात धुतलेला पांढरा शर्ट घालून शाळेत जायचे. शर्टावर शाईचा ठिपका पडला तरी दिवसभर त्यांचा चेहरा उतरलेला असे. मी त्यांची एकुलती एक मुलगी, आणि मला गबाळेपणाची जन्मापासून आवड. आता बोला.

मी डिग्रीला होते तेव्हाची ही गोष्ट. त्या वर्षी बाजारात किल्लीच्या कडीला अडकवायचं एक खेळणं आलं होतं. बटण दाबलं की भिंतीवर लेझरचा लाल ठिपका. पोरं ते एकमेकांच्या डोळ्यांत मारायची, म्हणून बाबांनी वर्गात एक जप्त केलं. जप्त केलेली वस्तू मास्तर लोक टेबलाच्या खणात टाकतात आणि विसरतात. बाबांनी ती घरी आणली, दारं लावून घेतली आणि खोलून पाहिली.

माझ्याकडे एक कीबोर्ड होता. नांदेडच्या कुठल्यातरी ऑर्केस्ट्राने काढून टाकलेला, दोन पट्ट्या मुक्या असलेला. एप्रिलात जयंतीच्या कार्यक्रमांना आमची गायन पार्टी गावोगाव जायची, तिच्यात मी तो वाजवायची. बाबांनी जुन्या रेडिओतला छोटा ट्रान्सफॉर्मर काढून त्या लेझरच्या बॅटरीच्या वाटेत बसवला आणि त्याची दुसरी बाजू माझ्या कीबोर्डला जोडली. मी सूर दाबला की त्या सुराप्रमाणे लाल उजेड कमी-जास्त व्हायचा, इतका भराभर की डोळ्याला काही कळत नसे. खोलीच्या दुसऱ्या टोकाला त्यांनी बिघडलेल्या कॅल्क्युलेटरची काळी सौर पट्टी लावली होती. ती उजेड पकडायची आणि अ‍ॅम्प्लिफायरला द्यायची. मधे तार नाही, काही नाही. मी इकडे ‘सा’ दाबला आणि तिकडे स्पीकरमधून ‘सा’ आला.

बाबा मटकन खाटेवर बसले. मग उठून त्यांनी किरणाच्या मधे हात घातला. सूर गेला. हात काढला, सूर आला. असं किती वेळा केलं असेल, आई स्वयंपाकघरातून ओरडेपर्यंत केलं. इतकं खूश मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं.

माझं वेड लागणं मात्र दोन-तीन दिवसांनी झालं. आमच्या घरामागे कापसातली सरकी काढायचं जिनिंग होतं. दसऱ्यानंतर हंगाम सुरू झाला की रुईचे बारीक तंतू सगळ्या गल्लीत उडायचे. कपड्यांवर, ताटात, केसांत. घरातल्या बायकांचा निम्मा जन्म ते झटकण्यात जायचा. त्या दुपारी मी एक लांब सूर धरून बसले होते आणि उघड्या खिडकीतून रुई आत आली. तंतू किरणातून जायला लागले तसा सूर कुसकुसायला लागला. मधेच विरायचा, मधेच त्याच्या कडा फाटायच्या, एखादा मोठा पुंजका गेला की सूर घोट गिळल्यासारखा थांबायचा आणि परत यायचा. कीबोर्ड त्याच्या जन्मात कधी असा वाजला नव्हता. कीबोर्डचा सूर कसा असतो? मेलेला असतो. बोट ठेवा, तो तसाच्या तसा राहतो. त्या दुपारी तो श्वास घ्यायला लागला.

मग मी सुटलेच. टेबलफॅन किरणात ठेवला. पाती उजेड कापायची आणि सूर थरथरायचा. पंखा हळू केला की थरथर जड, जोरात केला की ती एवढी बारीक व्हायची की तिचाच एक वेगळा सूर तयार व्हायचा. कंगवा किरणातून ओढला तर सुराला दात फुटायचे. पाण्याच्या ग्लासात दुधाचा थेंब सोडून त्यातून किरण नेला तर आवाज दूर कुठेतरी निघून जायचा. सगळ्यात भारी काम ढोलकीने केलं. बाबांच्या दाढीच्या फुटक्या आरशाचा एक तुकडा मी ढोलकीच्या पुडीवर डिंकाने चिकटवला आणि किरण त्यावरून परतवून पट्टीवर घेतला. ढोलकीवर थाप पडली की आरसा हलायचा, किरण पट्टीवरून घसरायचा, आणि कीबोर्डचा सूर ढोलकीच्या बोलाप्रमाणे तुटायचा. एका हाताने मी सूर धरायची, दुसऱ्याने थाप मारायची. ढोलकीच्या तोंडातून बाजा गायला लागला असं काहीतरी ते होतं.

बाबा शाळेतून आले की दारातच थांबायचे.

“काऊन वं, आवाज खराब करून राह्यली?”

“खराब नाई, बाबा. मी वाजवून राह्यली.”

“वाजवाचं तं पेटीवर वाजव. हे खराबी हाय. किरण हवेतून जाते, हवेत कचरा हाय, मनून आवाज खराब येते. आपल्याले तो साफ कराचा हाय.”

ते रोज संध्याकाळी साफ करायचे आणि मी रोज दुपारी मळवायची. ट्यूबलाइट चालू असली की सौर पट्टीला तिचा उजेड लागायचा आणि स्पीकर गुणगुणायचा. त्यासाठी त्यांनी पट्टीभोवती काळ्या कागदाची नळी केली. मला ती गुणगुणही आवडायची, आणि दुपारी लाइट गेली की सगळं कसं शांत व्हायचं तेही आवडायचं. अ‍ॅम्प्लिफायर आम्ही ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालवायचो. भांडण असं आमच्यात नव्हतं. एकाच खेळण्याची आम्ही दोघं दोन टोकं धरून होतो. टेपरेकॉर्डर घरात होता, पण कॅसेट बाबांच्या ताब्यात. त्यांनी साफ आलेले सूर तेवढे भरून ठेवले. माझे आवाज भरा म्हटलं तर म्हणायचे, खराब कशाले भरून ठेवाचं?

‘खराब’ हा शब्द त्यांच्या तोंडात असा का बसला होता ते मला आईने सांगितलं होतं. त्यांची पहिली नेमणूक बोथ गावाकडच्या एका शाळेत होती. तपासणीला साहेब आले. बाबांनी मुलांना ऑक्सिजन तयार करून दाखवायला घेतला, आणि हात थरथरला म्हणून म्हणा किंवा बूच सैल होतं म्हणून म्हणा, वायू आलाच नाही. साहेब नुसते हसले, आणि शेजारच्या माणसाला उर्दूत काहीतरी म्हणाले. बाबांना उर्दू येत होती. काय म्हणाले ते त्यांनी आईलाही कधी सांगितलं नाही. मला मात्र ते एकदा म्हणाले होते, “माय, दुसऱ्याचा प्रयोग फसला तं प्रयोग फसला मनतेत. आपल्या लोकाईचा फसला तं, हे लोक असेच, मनतेत.” त्यानंतर जिल्ह्याच्या कुठल्याही विज्ञान प्रदर्शनात त्यांचा प्रयोग फसला नाही. आदल्या दिवशी ते तो इतक्या वेळा करून पाहायचे की प्रयोगालाच कंटाळा येत असेल.

मी शेवटच्या वर्षाला होते आणि स्थळं यायला लागली होती. त्याच सुमारास गावातल्या एका कापूस व्यापाऱ्याच्या घरचं लग्न निघालं. संगीताच्या कार्यक्रमासाठी हैदराबादहून एक गृहस्थ येणार होते. ते सिनेमांना आणि मालिकांना इलेक्ट्रॉनिक संगीत करून द्यायचे, त्यांचा स्वतःचा स्टुडिओ होता. लग्नाच्या मांडवाचं काम बाबांच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे होतं. त्याने खबर आणली की हे साहेब जिथे जातील तिथे विचारतात, नवा आवाज काढणारं कोणी आहे का? असलं तर ते हाताखाली घेतात. त्यांच्याकडे दोन मुली आधीच कामाला होत्या, हे त्याने बाबांना मुद्दाम दोनदा सांगितलं.

बाबांनी त्या रात्री जेवण आटोपलं. हात धुतल्यावर म्हणाले, “त्यानं हो मनलं तं जाय हैदराबादले. मी कोनाचं आयकनार नाई. नाई मनलं तं बी.एड. कर, अन् मंग लग्नाचं पाहू.”

भैंशातल्या कोणत्या बापाने तेव्हा मुलीला असं म्हटलं असतं? मी त्यांच्या पाया पडले नाही, आमच्यात तशी पद्धत नव्हती, पण पडावंसं वाटलं. माझं सगळं पुढचं आयुष्य त्या एका माणसाच्या कानावर टांगलं होतं आणि मला जराही भीती वाटत नव्हती. माझ्याकडे जे होतं ते दुसऱ्या कोणाकडे नव्हतं याची मला खात्री होती.

साहेब लग्न आटोपून सकाळी परत निघणार होते. जाता जाता शाळेत थांबतील असं ठरलं. मी आदल्या दिवशी शाळेच्या विज्ञान खोलीत सगळं मांडून ठेवलं. खोलीच्या या टोकाला कीबोर्ड आणि लेझर, त्या टोकाला पट्टी आणि स्पीकर, आणि मधे माझा सगळा संसार: पंखा, कंगवा, दुधाचा ग्लास, आरसा लावलेली ढोलकी, आणि पिशवीभर रुई. एक रचना मी बसवली होती. एकाच सुराने सुरू होऊन तो सूर या सगळ्यांच्या हातून जायचा आणि शेवटी उघड्या खिडकीपाशी रुईत विरायचा. बाबांनी ती ऐकली होती. ऐकून ते म्हणाले, “ठीक हाय. पन ऐन वेळी काई अडलं तं?”

सकाळी मी नवी साडी नेसून शाळेत पोचले, तर बाबा माझ्या आधी तिथे होते. पहाटेच गेले होते. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लांब प्लास्टिकचा पाइप लावलेला होता, विहिरीच्या मोटारीला लावतात तसला. आतून-बाहेरून काळा रंगवलेला. एका तोंडात लेझर, दुसऱ्या तोंडात सौर पट्टी, आणि दोन्ही तोंडं कापडाने गच्च बंद. धूळ नाही, रुई नाही, ट्यूबलाइट नाही. पंखा कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ठेवलेला. ढोलकी कपाटावर. पाइपावर पुठ्ठ्याची पाटी, मराठी, तेलुगू आणि इंग्रजीत: ‘लेझर किरणाद्वारे ध्वनिप्रक्षेपण’. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तसं सगळ्या खोलीत तो पाइपच दिसत होता.

“आता फसत नाई,” बाबा म्हणाले. डोळे लाल झाले होते, शर्टाच्या बाहीला काळा रंग लागला होता. त्यांच्या शर्टाला! आणि त्यांना त्याचं भानही नव्हतं.

मी काय बोलायला हवं होतं ते मला आज पाठ आहे. बाबा, हा पाइप काढा. एवढे चार शब्द. पण तेवढ्यात हेडमास्तर आले, मागे दोन मास्तर आले, खिडकीत मुलं गोळा झाली, आणि फाटकात जीप थांबली.

साहेब साधे होते. पिवळट झब्बा, पायात चप्पल, झोप न झालेला चेहरा. ते बाबांशी हिंदीत बोलले. बाबांनी छडी हातात घेऊन सगळं समजावून सांगितलं, बॅटरीपासून स्पीकरपर्यंत, एकही चूक न करता. मग माझ्याकडे पाहून मान हलवली. माझी रचना तर पाइपाबाहेर पडली होती. मी शाळेची प्रार्थना वाजवली. स्पीकरमधून प्रार्थना आली, स्वच्छ, गुळगुळीत, जशी कुठल्याही कीबोर्डमधून येते.

साहेबांनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, “बहुत साफ है, मास्टरजी. बिल्कुल तार जैसा.”

बाबांचा चेहरा असा फुलला! त्यांना वाटलं, याच्यापुढे कौतुक नाही. मला त्या क्षणी कळलं की संपलं. तारेसारखाच आवाज यायचा तर तार काय वाईट होती? हा माणूस हैदराबादहून तार ऐकायला आला नव्हता.

मी पाइपाकडे दोन पावलं गेलेही. तोंड उघडणार तोच बाबा म्हणाले, “जाय माय, साहेबाईसाठी चहा आन.” शिपाई होता, खिडकीत वीस पोरं होती, पण पाहुणे आले की चहा मुलीनेच आणायचा. मी वाजवणारी, माझ्यासाठी तो माणूस आला होता, आणि मी किटली घेऊन रस्त्यापलीकडच्या हॉटेलात गेले. दूध उतू जाईपर्यंत उभी राहिले. त्या हॉटेलवाल्याचा मला अजून राग येतो, बिचाऱ्याचा काही संबंध नसताना.

परत आले तेव्हा साहेब पाइपाजवळ उभे होते आणि बाबांचा हात पाइपावर होता. साहेबांनी चहा घेतला, माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, “पढ़ाई पूरी करो, बेटा,” म्हणाले आणि गेले. जीप वळल्यावर हेडमास्तरांनी बाबांची पाठ थोपटली. घरी जाताना बाबांनी विचारलं, “कसा आला आवाज?” मी म्हटलं, “एकदम साफ.” दुसरं मी काय म्हणणार होते? रंग लागलेली बाही त्यांनी तेव्हा कुठे पाहिली आणि दुमडून घेतली.

हैदराबादहून निरोप आला नाही. मी बी.एड. केलं, गुडीहत्नूरला शिक्षिका झाले, लग्न झालं, मुलं झाली. संसार चांगला झाला, रडण्यासारखं त्यात काही नाही, आणि तरीही मी कधी कधी रडले आहे. एकदा सगळं परत जोडून पाहिलं होतं. पण हात विसरले होते आणि कान मास्तरणीचे झाले होते. माझ्याच आवाजातल्या चुका मला दिसायला लागल्या. मग एका वरातीत डीजेवर एक थरथरता, कापलेला सूर ऐकला आणि भर रस्त्यात मी म्हणाले, “हा तर माझा पंखा!” बरोबरच्या बाई हसल्या. मीही हसले. घरी येऊन मात्र मला जेवण गेलं नाही. आता असले आवाज संगणकातून कोणीही काढतं. मी काढले तेव्हा ते फक्त दोन माणसांनी ऐकले, आणि त्यातल्या एकाला ते खराब वाटले. ही माझी सगळी कारकीर्द.

इतकी वर्षं मी दोष त्या साहेबांच्या कानाला दिला. त्यांना ओळखता यायला हवं होतं, एवढा मोठा माणूस, एका पाइपामुळे फसला, असं मी मनाशी म्हणायची. तो आधार बरा होता. काठी म्हणून चालायला पुरत होता.

मग बाबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. डॉक्टर लेझरने करू म्हणाले तेव्हा बाबा आनंदून म्हणाले होते की लेझर मला नवा नाही. दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन वॉर्डात गेले. त्यांचा एक डोळा पट्टीखाली होता आणि दुसरा आधीच धूसर. मी खाटेशी येऊन उभी राहिले ते त्यांना कळलं नाही. ते शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला लेझरची गोष्ट सांगत होते, माझी गोष्ट, आणि मला ऐकायचीच होती.

“तो हैदराबादवाला मोठा हुशार मानूस,” बाबा सांगत होते. “माही पोरगी चहा आनाले गेली, तं मले मनते, मास्टरजी, ये पाइप निकालो. बीच में हाथ डालके सुनना है. म्या मनलं, नको साहेब, खराब येईन.”

“मंग?” म्हातारा म्हणाला.

“मंग काय! पुन्हा मनला. मनते, खराब ही सुनना है, बच्ची को बुलाओ. म्या पाइपावर हातच ठिवला. काढू देला नाई. एक बार खराब आवाज त्याच्या कानात गेला असता, तं माह्या पोरीची इज्जत राह्यली असती का?”

“बरं केलं, मास्तर,” म्हातारा म्हणाला.

डबा माझ्या हातात होता. तो मी खाली ठेवला. मला ओरडायचं होतं, त्या वॉर्डातले सगळे रोगी उठून बसतील असं ओरडायचं होतं. त्या माणसाने ओळखलं होतं. त्याने मागितलं होतं, दोन वेळा. मी रस्त्यापलीकडे दूध उकळायची वाट पाहत उभी होते.

मी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. 

“कोन? माय, तू हाईस का? आयकलं का? हे तुले सांगाचं राह्यलंच होतं.”

मी “हो” म्हणाले.

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला, आणि दिसत नव्हतं तरी शेजारच्या खाटेकडे तोंड वळवून म्हणाले, “पाहा, पोरगी अजून खूश हाये.”